दुसरा पेला

होळीच्या दिवशी हैदराबादेतील बेगम बाजारात ठंडाईचे पेले फिरू लागतात. मारवाडी व उत्तर हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची ही जुनी पेठ. काचीगुडा, सुलतान बाजारकडील मराठी तरुणही मित्रांच्या आग्रहाने रंगात सामील होतात. आणि बदाम, बडीशेप, मिरी यांच्या सुवासात वाटलेली भांग कित्येकांच्या पोटात प्रथमच जाते ती अशा वेळी.

ओढलेला गांजा काही मिनिटांत डोक्यात भिनतो, खाल्लेली भांग मात्र सावकाश चढते. तिच्यातील मादक द्रव्य, ज्याला टीएचसी म्हणतात, ते 1964 साली इस्रायलमधील मेशुलम व गाओनी या संशोधकांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. भांग दुधातुपात घोटणाऱ्यांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांचा हात बरोबर पडला होता. पोटातून हे द्रव्य यकृतात जाते, तेथे त्याचे एक नवे, तितकेच किंवा अधिक प्रखर रूप तयार होते आणि मग ते मेंदूकडे निघते. या प्रवासास अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. भरल्या पोटी याहूनही अधिक. अंमल मात्र सहा ते आठ तास, कधी दुसऱ्या सकाळपर्यंत टिकतो.

घोटाळा होतो तो याच मधल्या काळात. तासभर झाला तरी काहीच होत नाही, असे वाटून नवखा मनुष्य दुसरा पेला उचलतो. तो ओठाला लागतो न लागतो तोच पहिला चढू लागतो. मग छातीत धडधड, घशाला कोरड, वेळेचे भान सुटणे, आणि आपण मरणार अशी भीती. त्यातून पातेल्यातील भांग सर्वत्र सारखी मिसळलेली नसते. वरचा पेला सौम्य, तळचा गाळ जहाल. त्यामुळे मित्राला सोसले तेवढे आपल्यालाही सोसेल, हा हिशेब खोटा ठरतो.

न घेणे हेच सर्वांत निर्धोक. जो घेणारच, त्याने चार घोटांवर थांबावे, त्या दिवशी दुसऱ्यांदा घेऊ नये, मद्याची जोड देऊ नये, दुसऱ्या दिवसापर्यंत वाहन चालवू नये आणि शुद्धीवर असलेला एक सोबती जवळ ठेवावा. हृदयविकारी, गर्भवती, तसेच ज्यांच्या घराण्यात मनोविकार आहे अशांनी वाटेलाच जाऊ नये.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी घातली; केवळ पानांची भांग त्या व्याख्येबाहेर राहिली आणि तिचे नियमन राज्यांच्या अबकारी कायद्यांकडे आले. पेढ्यात किंवा चॉकलेटात गांजा घातला म्हणून तो भांग होत नाही. अलीकडे हैदराबादच्या परिसरात अशी मादक चॉकलेटे पोलिसांनी जप्त केली आहेत. वेष्टनात नेमके काय व किती आहे, हे खाणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही.

घाबरलेल्यास शांत खोलीत, कुशीवर निजवावे. पेंगणाऱ्याच्या तोंडात लिंबूपाणी किंवा चिंचेचे पाणी बळेच ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. छातीत कळ, झटके, श्वास मंद होणे किंवा हाकेस ओ न देणे, असे काही दिसताच 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना लाज न धरता सांगावे. मुलाच्या पोटात थोडी जरी भांग गेली तरी लक्षणांची वाट पाहू नये. उरलेली ठंडाई शीतकपाटात ठेवली की सकाळी ती साध्या दुधासारखीच दिसते; ती रात्रीच मोरीत ओतावी.