मेंदूंतील पाट आणि त्यांचे आंकडे

हदगांव तालुक्यांत ईसापूर धरणाच्या कालव्यास पाणी सुटलें कीं, कालव्यालगतच्या दोन विहिरींची पातळी बरोबरच चढूं लागते. तेवढ्यावरून एका विहिरीनें दुसरीस पाणी दिलें, असें कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. मेंदूच्या बाबतींत मात्र हीच चूक सुशिक्षितांकडूनहि सहज घडते. म्हणून या विषयाची थोडी फोड करावी, असें आम्हांस वाटतें.

रक्तांतील प्राणवायूच्या फरकावरून मेंदूचें कार्य चुंबकीय यंत्रानें टिपतां येतें, हें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सेइजी ओगावा व त्यांचे सहकारी यांनीं १९९० सालीं दाखविलें. हें यंत्र मज्जापेशींचें संभाषण ऐकत नाहीं. त्यांच्या श्रमामागून रक्तांत होणारा पालट पाहतें, व तो शिगेस पोहोंचावयास पांच-सहा सेकंद लागतात. दोन भागांचे आलेख एकदम हलले, तरी कोणीं कोणास हालविलें हें त्यावरून कळत नाहीं.

तें अजमावण्यासाठीं लंडनमध्यें कार्ल फ्रिस्टन व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं ‘डायनॅमिक कॉजल मॉडेलिंग’ ही पद्धति मांडिली. तींत कोणता भाग कोणावर परिणाम करीत असावा, याच्या निरनिराळ्या प्रतिकृति आधीं कल्पावयाच्या. प्रत्येकीपासून रक्ताचा आलेख कसा निघेल तें गणितानें काढावयाचें. आणि प्रत्यक्ष आलेखाशीं कोणती अधिक जुळते तें पाहावयाचें.

यांतून निघणारा आंकडा म्हणजे तंतूची जाडी नव्हे. एका भागाच्या हालचालीनें दुसऱ्याची हालचाल दर सेकंदास किती वेगानें बदलते, याचें तें माप आहे. धन आंकडा म्हणजे भर, ऋण म्हणजे आवर. आणि पाटास दार असणें हा कांहीं दोष नव्हे. प्रत्येक भाग स्वतःलाहि आवरीत असतो. त्या आवराचा आंकडा पुष्कळदां लॉगरिथमच्या रूपांत छापितात. तेथें शून्य दिसलें म्हणजे आवर नाहीं असें नव्हे. तो दर सेकंदास उणें अर्धा, म्हणजे गृहीत धरलेल्या मूळ मापाइतकाच आहे, असा त्याचा अर्थ. शून्याहून अधिक आंकडा म्हणजे आवर अधिक. शिवाय दोन भागांमधील परिणाम प्रतिकृतींत न घेतलेल्या तिसऱ्या भागामार्फतहि होत असेल.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. ‘अमुक व्याधींत मेंदूची जोड दुबळी’ असें वृत्तपत्रांत वाचून एखादी माता आपल्या मुलाकडे शंकेनें पाहूं लागते. अशीं अनुमानें बहुधा अनेक माणसांच्या समूहांची तुलना करून काढलेलीं असतात. एकट्या मुलाचें निदान करण्याची ती नेहमींची रीत नव्हे. तेव्हां असें वृत्त वाचतांना वाचकांनीं तीन प्रश्न अवश्य विचारावे: कोणते भाग विचारांत घेतले? दुसऱ्या कोणत्या प्रतिकृतींशीं ताडून पाहिलें? आणि हा आंकडा एकाचा कीं समूहाचा? यांचीं उत्तरें मिळेपर्यंत मुलाच्या वागण्याबद्दल वैद्यांस विचारावें. वृत्तपत्रांतील आंकड्यावरून त्याच्या बुद्धीची पारख करूं नये.