पैसे निघाले, पण पोचले का?

गेल्या महिन्यात शिरूरच्या बसस्थानकाबाहेर आम्ही ४२० रुपयांची फळे घेतली आणि मोबाईलवरून पैसे दिले. आमच्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण पडद्यावर 'प्रलंबित' असे आले आणि फळवाल्याचा बोलका डबा गप्पच! खात्यात उरले ६० रुपये. दौंडची एसटी लागलेली. फळे परत ठेवून आम्ही गाडीत चढलो. न्हावरे मागे पडले तरी एक प्रश्न काही सुटेना. पैसे पोचले नाहीत, तर ते लगेच परत का देत नाहीत?

दौंड हे रेल्वेचे जंक्शन, म्हणून उदाहरण तिथलेच घेऊ. समजा, पाटसहून एक गाडी दौंडकडे सुटली. रेल्वेच्या ब्लॉक पद्धतीत ती अख्खी पोचल्याचा निरोप दौंडहून आल्याशिवाय त्याच मार्गावर मागची गाडी सोडत नाहीत. अख्खी कशावरून? शेवटच्या डब्यावरची खूण पाहून! निरोप आला नाही, तर पाटसचा स्टेशनमास्तर 'पोचली असेल' असेही धरत नाही आणि 'सुटलीच नव्हती' असेही नाही. तो मार्ग अडवून ठेवतो.

२०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयचेही असेच आहे. मधल्या यंत्रणेमार्फत आधी आपली बँक रक्कम वजा करते, मग समोरची बँक ती जमा करते आणि तसे उत्तर पाठवते. हे उत्तर वेळेत आले नाही, तर दोन शक्यता उरतात: पैसे जमाच झाले नाहीत, किंवा जमा झाले पण उत्तर वाटेत हरवले. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. घाईने पैसे परत केले आणि दुसरी शक्यता खरी निघाली, तर एकच रक्कम दोघांकडे! म्हणून दोन्ही बँकांच्या नोंदी जुळेपर्यंत रक्कम अडकते. (शेअरसाठी अर्ज करताना रक्कम राखून ठेवतात ती गोष्ट वेगळी, तेथे वाटप होईपर्यंत पैसे खात्यातच असतात.)

हे अडकणे किती दिवस चालावे? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये त्याला मर्यादा घातली. व्यक्तीला पाठवलेले पैसे जमा झाले नसतील तर व्यवहारानंतर १ दिवसात, दुकानदाराला दिलेले असतील तर ५ दिवसांत परत यायला हवेत. त्यानंतर रोज १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. आमचे पैसे तिसऱ्या दिवशी आले. फळे मात्र गेली ती गेलीच.

घाबरून पुन्हा पैसे पाठवणे हा खरा धोका. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक मिळतो, त्यामुळे यंत्रणेच्या लेखी ती नवी रक्कम ठरते. 'अडकलेले पैसे सोडवायला पिन टाका' असा फोन आला तर तो सरळ बंद करावा. पैसे मिळण्यासाठी पिन लागतच नाही.

वर्गात हे करून पाहता येईल. तीन मुले उभी करा: आपली बँक, मधली यंत्रणा, दुकानदाराची बँक. त्यांच्यात चिठ्ठ्या फिरू द्या. मध्येच एक चिठ्ठी गुपचूप लपवा, एकदा जाताना, एकदा येताना. मग मधल्या मुलाला विचारा: कोणती हरवली?