दहा बोटं, तीन टोलनाके आणि ईमेलमधलं एक अक्षर

महिना १३ हजार रुपये पगाराचा कंत्राटी कर्मचारी आणि नावावर बीएमडब्ल्यू! डिसेंबर २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा गारखेड्यापासून गुलमंडीपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. अपहाराचा आकडा २१ कोटी ५९ लाख. हत्यार म्हणाल तर एक ईमेल. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, संकुलाच्या जुन्या लेटरहेडवर बँकेला विनंती गेली की खात्याला जोडलेला ईमेल पत्ता बदलून द्या. नवा पत्ता हुबेहूब जुन्यासारखा, फरक एका अक्षराचा. बँकेनं तो बदलला, ओटीपी तिकडे जाऊ लागले आणि जुलैपासून डिसेंबरपर्यंत पैसा भलत्याच खात्यांत वळत राहिला.

लोक गाडीबद्दल बोलत होते. मला त्या एका अक्षरानं पछाडलं. स्मार्ट सिटी प्रकल्पातून आपल्या शहरात सुमारे ७०० कॅमेरे बसलेत. पैठण गेटला मान वर केली की एखादा दिसतोच. यांतल्या एकालाही ही चोरी दिसणं शक्य नव्हतं, कारण ती रस्त्यावर घडलीच नाही. ‘एआय आणि पोलीस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खांबावरचा कॅमेरा येतो. माझं मत विचाराल तर गुन्हा होण्याआधी अडवायचा असेल, तर यंत्राची पहिली खुर्ची बँकेत हवी. ज्या खात्यातून मैदानाची देखभाल आणि कंत्राटदारांची बिलं जायची, त्यातून अचानक खासगी खात्यांकडे कोटींच्या रकमा निघाल्या, तर माणूस सहीशिक्क्याकडे पाहून पुढे जाईल. यंत्राला मात्र ती चाल खटकायला हवी. योगायोग असा की त्याच महिन्यात, ६ डिसेंबर २०२४ ला, रिझर्व्ह बँकेनं ‘म्युलहंटर’ या एआय प्रणालीची घोषणा केली. चोरीचा पैसा फिरवायला दुसऱ्याच्या नावानं वापरली जाणारी खाती म्हणजे म्युल खाती. वर्षभर निपचित पडलेल्या खात्यात एकाएकी लाखो रुपये येतात आणि काही मिनिटांत पाच दिशांना फुटतात. असं वागणारं खातं हेरणं हे या प्रणालीचं काम.

खुणेवरून माणूस हेरणं यंत्राच्याही आधीपासूनचं आहे, आणि तो माझा जुना नाद: बोटांचे ठसे. बाळ जन्मलं की त्याच्या बोटांवर चक्रं किती आणि शंख किती, हे आपल्या घरांत हौसेनं पाहतात. १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातलं पहिलं अंगुलिमुद्रा केंद्र सुरू झालं, त्याचा पायाही याच चक्रांवर. पद्धत एडवर्ड हेन्री या साहेबाच्या नावानं ओळखली जाते, पण गणित बसवलं काझी अझिझुल हक यांनी. हेमचंद्र बोस त्यांचे सहकारी. उजव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत बोटांना एक ते दहा क्रमांक द्यायचे. मग दोन-दोनच्या जोड्या आणि जोड्यांना किमती: १६, ८, ४, २, १. ज्या बोटावर चक्र असेल त्याचीच किंमत धरायची. सम क्रमांकांची बेरीज वर, विषमांची खाली, दोन्हींत एक मिळवायचा. समजा उजव्या अंगठ्यावर चक्र आहे आणि डाव्या मधल्या बोटावर; बाकी सगळे शंख. वर दोन अधिक एक, खाली सोळा अधिक एक. तुमचा अपूर्णांक ३/१७. एकही चक्र नसेल तर १/१, दहाही असतील तर ३२/३२. बत्तीस गुणिले बत्तीस म्हणजे १,०२४ कप्पे. लाखभर माणसांच्या गठ्ठ्यातून कारकुनानं उठून नेमक्या कप्प्याशी जायचं. विजेचा दिवाही घरोघरी नव्हता तेव्हाची ही गोष्ट! दिवाळीच्या फराळाला जमलेल्या भाच्यांना मी हे करायला लावतो. मोबाइल आपोआप बाजूला पडतात.

पद्धतीची गोची एकच होती: तिला दहाही बोटं लागत. घरफोडी करणारा मात्र गोदरेजच्या कपाटावर एखादं, तेही अर्धवट बोट ठेवून जातो. पोलिसांच्या भाषेत चान्स प्रिंट. तिथे कप्पे लंगडे पडत आणि भिंग घेऊन रेघ न् रेघ ताडत बसावं लागे. आज महाराष्ट्र पोलिसांची ‘अँबिस’ प्रणाली बोटं, तळहात, चेहरा आणि डोळ्यांची बुबुळं एकत्र पाहते. रेघ कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, त्या बिंदूंची मांडणी ती जुळवते. या कामात हयात घालवलेल्या एका निवृत्त तज्ज्ञांना मी विचारलं, मग तुमचं काय उरलं? म्हणाले, “ते नावांची यादी देतं हो. कोर्टात उलटतपासणीला ते उभं राहत नाही, मला राहावं लागतं.” दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात दिलेलं उत्तर वाचताना मला हेच गृहस्थ आठवले: चेहरा ८० टक्के जुळला की तो जुळला असं तिथे धरतात. बोटाच्या बाबतीत हे त्यांनी ऐकूनसुद्धा घेतलं नसतं.

सरकारी बाजू उरकून टाकतो. मार्च २०२४ मध्ये राज्यानं पोलिसांच्या एआयसाठी ‘मार्व्हल’ ही कंपनी काढली, मुख्यालय नागपूर, सोबतीला तिथलं आयआयएम. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साथीनं ‘महाक्राइमओएस’ आलं. नागपुरातल्या २३ ठाण्यांत चाचणी झाली, आता राज्यभरातली १,१०० ठाणी. फिर्यादीतून मुद्दे काढणं, तपासाचा आराखडा सुचवणं वगैरे.

‘मार्व्हल’चं मला पटलेलं काम वेगळं आहे. ९ ऑगस्ट २०२५, राखीपौर्णिमा. नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापार हद्दीत ट्रकनं एका जोडप्याच्या दुचाकीला उडवलं, पत्नी जागीच गेली. मदतीला कोणी थांबेना, म्हणून नवऱ्यानं तिचा देह दुचाकीला बांधून नेला. तो व्हिडिओ देशभर पाहिला गेला. ट्रकचा नंबर नाही, कंपनी नाही. नवऱ्याला आठवत होतं ते एवढंच, की ट्रकवर लाल खुणा होत्या. नागपूर ग्रामीण पोलिसांनी तीन टोलनाक्यांचं चित्रण गोळा केलं. पहिल्या अल्गोरिदमनं लाल खुणांचे ट्रक वेगळे काढले. दुसऱ्यानं त्यांचा नाक्या-नाक्यांमधला सरासरी वेग तपासला आणि संशय एका ट्रकवर आला. छत्तीस तासांत तो सुमारे ७०० किलोमीटरवर, ग्वाल्हेर-कानपूर महामार्गावर पकडला. मला यातली वेगाची कल्पना फार आवडते. हक यांना आवडली असती.

इथे गुन्हा आधी घडला होता आणि यंत्र मागून माग काढत गेलं. उलटं, म्हणजे गुन्ह्याआधी माणूस शोधायला निघालं, की माझा विरोध सुरू होतो. लॉस एंजेलिस पोलिसांनी गुन्ह्याचं भाकीत करणारी ‘प्रेडपोल’ प्रणाली २०२० मध्ये बंद केली. असल्या भाकितातला धोका कळायला आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही, सोलापूर पुरेसं आहे. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात त्यांना सेटलमेंटच्या तारेआड डांबलं. सुटका झाली ३१ ऑगस्ट १९५२ ला. तारा निघाल्या, संशय राहिला. घरफोडी झाली की आधी पारध्यांच्या पालावर धाड. ज्या पालावर जास्त धाडी, तिथली नावं नोंदवहीत जास्त. अशी नोंदवही शिकवणीला दिली, तर यंत्र दुसरं काय शिकणार? पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ ला तुरुंगातला जातिभेद मोडीत काढला, तेव्हा विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असंही पोलिसांना बजावलं.

सिटी चौक, जिन्सी, मुकुंदवाडी या ठाण्यांत ‘महाक्राइमओएस’ रुळेल तेव्हा कोणत्या जुन्या वह्या त्याच्या पोटात गेल्या, हे आपल्या वकील मंडळींनी जरूर विचारावं. आणि यंत्राला वाचायला काहीतरी भरघोस द्यायचंच असेल, तर २०२३ मध्ये घोटाळ्यानं गाजलेल्या आदर्श नागरी पतसंस्थेची कागदपत्रं द्यावीत. कर्जखाती, तारण, जामीनदार, पैसा कोणाकडून कोणाकडे गेला: सगळं एकमेकांशी ताडून पाहायला माणसाला वर्षं लागतात, आणि ठेवीदारांत पेन्शनीवर जगणारे बरेच आहेत.