कुपीतला सुगंध आणि आपली त्वचा

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी सुनेसोबत दवाखान्यात आल्या. तपासणी रक्तदाबाची होती. पण तक्रार निराळीच. "डॉक्टर, नातवानं परदेशातून महागाचं अत्तर आणलं, पण ते नकली निघालं हो. कितीही लावा, वासच नाही." सून संकोचून म्हणाली, "अहो, आईंनी लावलं की जिन्यापर्यंत घमघमाट सुटतो." खरे तर आजी आत येताच माझी खोलीही दरवळली होती. अत्तर अस्सल होते. मग चुकत काय होते?

वाचकहो, हे समजून घेण्यासाठी आधी अत्तर त्वचेवर कसे वागते ते पाहू.

एका कुपीतले तीन सुगंध

आजींची ती कुपी 'शालिमार'ची होती. मुघलांच्या शालिमार बागेचे नाव ल्यालेले हे अत्तर फ्रान्सच्या जाक गेर्लँ यांनी घडवले आणि १९२५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ते गाजले. ते अंगावर घेताच प्रथम बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळाचा तरतरीत वास येतो. त्याचे रेणू हलके असल्याने पंधरा-वीस मिनिटांत तो ओसरू लागतो. मग गुलाब, जाई अशा फुलांचा गाभा उलगडतो आणि काही तास टिकतो. शेवटी उरतो तो व्हॅनिला आणि सुगंधी डिंकांचा जड, ऊबदार वास. तो दुसऱ्या दिवशीही पदराला जाणवतो. म्हणून दुकानात पहिल्या क्षणी आवडलेले अत्तर लगेच विकत घेऊ नये. मनगटावर लावून तासाभराने पुन्हा हुंगावे.

आपल्याकडच्या कन्नौजच्या पारंपरिक अत्तराची रीत वेगळी. तिथे फुलांचा अर्क वाफेवाटे चंदनाच्या तेलात उतरवतात. त्यात अल्कोहोल नसल्याने ते झटकन उडत नाही. अंगाशी मंद दरवळत राहते.

वयाची त्वचा

तेच अत्तर दोघांच्या अंगावर सारखे का वाटत नाही? त्वचेची ऊब, ओलावा आणि तेलकटपणा यांवर ते अवलंबून असते. तेलकट त्वचा सुगंध धरून ठेवते. वयानुसार त्वचेतील तैलग्रंथी मंदावतात, कातडी कोरडी आणि पातळ होते. साहजिकच अत्तर लवकर उडते. यावर सोपा उपाय म्हणजे आधी वास नसलेले मलम किंवा थोडी पेट्रोलियम जेली लावावी आणि मग त्यावर एकच फवारा घ्यावा.

मात्र पातळ त्वचा लवकर चिडतेही. नवे अत्तर प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून दोन दिवस पाहावे. खाज, लाली वा पुरळ उठल्यास ते वर्ज्य करावे, किंवा फक्त कपड्यांवर वापरावे. नुकत्याच दाढी केलेल्या वा भेगाळलेल्या जागी लावू नये. लिंबूवर्गीय अत्तर लावून उन्हात गेल्यास क्वचित काळपट डाग पडतात. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर बंद खोलीत फवारणे टाळावेच. आणि एक गोष्ट विसरू नये: अल्कोहोल पेट घेते. देवापुढचे निरांजन, पेटता गॅस वा घरी चालू असलेला ऑक्सिजन यांच्याजवळ फवारा नको.

वास हरवतो तेव्हा

आता पुन्हा आजींकडे वळू. नाक कोणत्याही सततच्या वासाला काही मिनिटांत सरावते. म्हणून लावणाऱ्याला स्वतःचे अत्तर जाणवेनासे होते. हे सर्वांचेच होते. पण आजींना पहिला फवाराही जाणवत नव्हता. मी विचारले, "डाळ करपली तर कळते?" त्या गप्प राहिल्या. सून हळूच म्हणाली, "गेल्या महिन्यात दूध उतू जाऊन गॅस विझला होता. या ओट्यापाशीच होत्या, पण त्यांना वास आला नाही." त्या क्षणी अत्तराचा प्रश्न बाजूला पडला.

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. ज्याला तो वास येत नाही, त्याला मिळणारी सूचनाच नाहीशी होते. शिळे अन्न ओळखता येत नाही, जेवण बेचव लागते, वजन घटते, मीठ-साखरेवर हात सैल सुटतो.

वयानुसार घ्राणशक्ती हळूहळू कमी होते. जुनी सर्दी, नाकातील मांसवाढ, कोविड, डोक्याचा मार, धूम्रपान आणि काही औषधे हीही कारणे असतात. कधी कधी पार्किन्सन किंवा अल्झायमरच्या आजारात हे लक्षण इतर लक्षणांच्या कित्येक वर्षे आधी दिसते. प्रत्येक वेळी तसेच असेल असे मुळीच नाही. परंतु 'वय झाले' म्हणून सोडूनही देऊ नये.

आपल्या घरी एक साधी पाहणी करा. ज्येष्ठांना डोळे मिटायला सांगून हिंग, कॉफी आणि अंगाचा साबण पाळीपाळीने हुंगायला द्या. ओळखता येत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. तोवर शेगडी बंद झाली का, हे घरातील दुसऱ्याने पाहावे. शक्य असल्यास गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवावे.

आजींना मी नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. नाकात अडथळा नव्हता. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास रोज दोनदा, प्रत्येकी वीस सेकंद, मन लावून हुंगण्याचा सराव त्यांना दिला. असा सराव काही महिने चिकाटीने करावा लागतो आणि सर्वांनाच गुण येतो असे नाही.

परवा त्या पुन्हा आल्या. लवंग कळू लागली आहे. गुलाब अजून नाही. रात्री शेगडी सून बघते. शालिमार त्या आजही लावतात, पण एकच फवारा. म्हणाल्या, "मला नाही आला तरी चालेल. नातू जवळ येऊन बसतो ना, त्याला येतो."