लाँच (शब्द)

लाँच हा इंग्रजीतून मराठीत आलेला शब्द आहे. मराठीत तो मुख्यतः दोन प्रकारे वापरला जातो. प्रवासी वाहतूक करणारी यांत्रिक नौका या अर्थी तो स्त्रीलिंगी नाम आहे, तर 'लाँच करणे' व 'लाँच होणे' या संयुक्त क्रियापदांत त्याचा अर्थ नव्याने सुरू करणे, बाजारात आणणे किंवा सोडणे असा होतो. इंग्रजीत या दोन्हींचे लेखन व उच्चार सारखेच असले तरी त्यांची मुळे वेगळी आहेत. रायगड जिल्ह्यातील मांडवा व रेवस या बंदरांच्या परिसरात पहिला अर्थ नित्य व्यवहारातील आहे. जाहिराती, वृत्तपत्रे आणि शहरी बोलीत दुसरा अर्थ अधिक आढळतो.

व्युत्पत्ती

इंग्रजी क्रियापदाचे मूळ जुन्या फ्रेंच भाषेत असून ते लॅटिनमधील 'लान्सिया' म्हणजे भाला या शब्दापर्यंत जाते. भाला फेकणे, जोराने सोडणे, जहाज पाण्यात ढकलणे आणि शेवटी कोणत्याही कार्याचा आरंभ करणे असा त्याचा अर्थविस्तार होत गेला. शस्त्रक्रियेतील 'लॅन्सेट' हे छोटे पाते त्याच कुळातील आहे.

नौकावाचक नाम मात्र स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांतील 'लांचा' या शब्दावरून इंग्रजीत आले. त्यामागे मलय भाषेतील वेगवान नौकेचे 'लांचारान' हे नाव असावे, असे मानले जाते. 'लांचार' म्हणजे चपळ, वेगवान. योगायोग असा की आजच्या मलय भाषेत याच धातूपासून बनलेला 'पलांचारान' हा शब्द उद्‌घाटन किंवा शुभारंभ या अर्थाने वापरला जातो. इंग्रजीत दोन वेगळ्या मुळांतून आलेले अर्थ तेथे एकाच मुळातून निघालेले दिसतात.

नौका या अर्थी

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश नौदलात मोठ्या जहाजावर ठेवल्या जाणाऱ्या सर्वांत मोठ्या होडीला लाँच म्हणत. १७८९ मध्ये 'बाउंटी' जहाजावरील बंडानंतर कप्तान विल्यम ब्लाय याला १८ सोबत्यांसह अशाच एका उघड्या लाँचमध्ये सोडून देण्यात आले आणि तिच्यातूनच तो तिमोर बेटापर्यंत पोहोचला. पुढे वाफेचे व तेलाचे इंजिन आल्यावर बंदरात आणि खाडीत फिरणाऱ्या लहान यांत्रिक नौकेला हे नाव मिळाले. मुंबई परिसरातील मराठीत रूढ झालेला अर्थ हाच आहे.

मांडवा हे अलिबाग तालुक्यातील बंदर मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून समुद्रमार्गे २० किलोमीटरपेक्षा कमी अंतरावर आहे. पनवेल, पेण व वडखळमार्गे रस्त्याने जायचे झाल्यास हे अंतर सुमारे १०० किलोमीटर भरते. त्यामुळे नोकरी, शिक्षण, बाजार आणि औषधोपचार यांसाठी मुंबईला जाणाऱ्या येथील लोकांच्या दृष्टीने लाँचचे वेळापत्रक महत्त्वाचे ठरते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने गेटवे–मांडवा प्रवासी सेवा बंद ठेवली जाते. या काळात 'लाँच बंद' या दोन शब्दांचा अर्थ लांबच्या रस्त्याने जाणे असा होतो.

बोलीत लाकडी डिझेल नौका, दोन समांतर तळ असलेली कॅटामरान आणि इतर प्रवासी नौका यांना सरसकट 'लाँच' किंवा 'बोट' म्हटले जाते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा या मार्गावर सुरू झालेल्या, वाहनेही वाहून नेणाऱ्या नौकेला मात्र 'रो-रो' हे वेगळे नाव रूढ झाले. कायद्याच्या भाषेत या सर्वांसाठी 'जलयान' ही व्यापक संज्ञा आहे.

जुने वृत्तान्त वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' वाटेत बुडाली आणि ६०० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. 'रामदास' ही लाँच नव्हती, तर आगबोट, म्हणजे वाफेवर चालणारे मोठे जहाज होते. तिला लाँच म्हटल्यास जहाजाच्या आकाराची आणि दुर्घटनेच्या व्याप्तीची चुकीची कल्पना होते.

क्रियापद व मराठी प्रतिशब्द

'लाँच करणे' या एका प्रयोगाच्या जागी मराठीत प्रसंगानुसार वेगवेगळे शब्द आहेत.

• जहाज : जलावतरण
• अग्निबाण, उपग्रह : प्रक्षेपण
• पुस्तक : प्रकाशन
• योजना, सेवा : शुभारंभ, प्रारंभ
• वस्तू, वाहन : बाजारात आणणे
• कलावंत : पदार्पण
• हल्ला : चढवणे
• मोहीम : हाती घेणे, उघडणे
• संगणकीय उपयोजन : उघडणे, सुरू करणे

प्रतिशब्द नेमका नसल्यास माहितीतही चूक होऊ शकते. जलावतरण झालेले जहाज पाण्यावर तरंगू लागते, परंतु त्याची यंत्रणा पूर्ण होऊन ते सेवेत येण्यास बराच अवधी लागतो. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या 'निलगिरी' या युद्धनौकेचे जलावतरण २३ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले, तर ती नौदलात ३ जून १९७२ रोजी दाखल झाली. त्याच नावाच्या नव्या युद्धनौकेबाबत हे टप्पे अनुक्रमे सप्टेंबर २०१९ आणि जानेवारी २०२५ मध्ये पार पडले. 'युद्धनौका लाँच झाली' एवढ्याच वाक्यावरून यांपैकी कोणता टप्पा अभिप्रेत आहे, हे वाचकाला नेहमीच कळेल असे नाही.

नाम व क्रियापद एकत्र आल्यास 'मांडवा मार्गावर नवी लाँच लाँच झाली' असे वाक्य तयार होते. ते व्याकरणदृष्ट्या चुकीचे नाही. तरीही नौका प्रथमच पाण्यात उतरली की प्रवाशांसाठी सुरू झाली, हे त्यातून स्पष्ट होत नाही. 'नव्या लाँचचे जलावतरण झाले' किंवा 'नवी लाँच सेवा सुरू झाली' असे लिहिल्यास संदिग्धता राहत नाही.

लेखन व समानरूपी शब्द

मराठीत 'लाँच' आणि 'लॉन्च' अशी दोन्ही लेखनरूपे आढळतात. 'लंच' म्हणजे दुपारचे जेवण हा वेगळा इंग्रजी शब्द आहे. संस्कृत 'लञ्चा' पासून आलेल्या 'लाच' या शब्दाशीही लाँचचा संबंध नाही. मात्र जुन्या मराठीत लाच हा शब्द अनुस्वार देऊन 'लांच' असा लिहिला जाई. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तेव्हा हा अनुस्वारही गेला. त्यामुळे जुन्या ग्रंथांत 'लांच घेतली' असे वाचताना तेथे नौका नव्हे, तर लाच अभिप्रेत असते.

हेही पहा

• मांडवा
• रेवस
• भाऊचा धक्का
• गेटवे ऑफ इंडिया
• आगबोट