पात्यावरचा कैरीचा डाग

जुलैचा दुसरा आठवडा, सलग चार दिवस ऊन नाही. डब्यातला पेरू कापायला घेतला आणि खिशातला घडीचा चाकू उघडेना. पात्यावरच्या खाचेत नख घालून ओढलं, रुमालाने धरून ओढलं. पातं मुठीच्या चिरेत रुतून बसलेलं. गंज नव्हता, खीळ वाकलेली नव्हती. दमट हवेने मुठीचं लाकूड फुगलं होतं आणि दोन्ही बाजूंनी पात्याला आवळून बसलं होतं.

हा चाकू फ्रेंच. आल्प्सच्या कुशीतल्या सावोआ प्रांतात १८९० साली जोझेफ ओपिनेल याने तो पहिल्यांदा बनवला. घर अवजारं घडवणाऱ्यांचं, गिऱ्हाईक आसपासचे शेतकरी. पुढे १८९७ मध्ये त्याची १ ते १२ अशी लहानमोठी मापं ठरली. साडेआठ सेंटिमीटर पात्याचं ८ नंबरचं माप आज जगभर सर्वांत ओळखीचं आहे. रचना इतकी साधी, की पाहताक्षणी आपणही एक करून बघावा असं वाटतं: बीचच्या लाकडाची गोलसर मूठ, तिला पाडलेली चीर, पातं, एक खीळ आणि पात्याच्या मुळाशी धातूची कडी. १९५५ मध्ये या कडीवर फिरणारं वळं आलं. ते फिरवलं की उघडलेलं पातं अडकून राहतं, काम करताना बोटांवर मिटत नाही.

लाकूड तिकडेही फुगतं. त्यावर सावोआच्या लोकांची जुनी युक्ती आहे. मिटलेला चाकू हातात धरायचा आणि मुठीचं शेपूट टेबलाच्या कडेवर टकटक आपटायचं. पातं हळूच डोकं वर काढतं. त्या दिवशी पेरू असाच कापला. पण आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा. रोज टेबल बडवत बसणार कोण? त्या रविवारी मी वळं काढलं, लोखंडी पट्टीला पॉलिश पेपर गुंडाळला आणि चिरेच्या आतल्या बाजू हलक्या हाताने घासल्या. मग मूठ दोन दिवस दिव्याच्या उबेत वाळवली आणि जवसाचं तेल पाजलं. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं ते, उकळलेलं. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडाच्या आत घट्ट होतं, त्यामुळे ओल आत शिरण्याचा वेग बराच कमी होतो. एक काळजी मात्र घ्यावीच. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना तेल तापतं आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती दोरीवर पसरून वाळवावीत.

चाकूंच्या छंदात मी बरीच वर्षं आहे. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. दुकानातून येतो तो चाकू निम्मा तयार असतो. तो कुठल्या तरी दुसऱ्या हवेसाठी, सरासरी हातासाठी बनलेला असतो. तो आपल्या हवेचा आणि आपल्या हाताचा करून घ्यावा लागतो, आणि त्यात बदल करायचे ते याच दोन कारणांसाठी. छंदाचा बाजार मात्र आपल्याला भलत्याच गोष्टींवर पैसे खर्च करायला लावतो.

त्यात पहिला नंबर पोलादाच्या नावांचा. नवखा माणूस सर्वांत आधी विचारतो, ‘पोलाद कोणतं?’ प्रश्न चुकीचा नाही. साध्या कार्बन पोलादात शंभर भागांत साधारण एक भाग कार्बन असतो. ते झटकन धार घेतं, पण गंजतं. स्टेनलेसमध्ये क्रोमियम घालतात, चाकूंच्या पोलादात बहुधा तेरा टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त. त्याच्या वर आहेत भुकटीपासून केलेली पोलादं. वितळलेल्या पोलादाचा वायूच्या झोताने फवारा करतात, थेंब गोठून भुकटी होते, आणि ती प्रचंड दाबाखाली तापवून एकजीव करतात. त्यामुळे आतले कठीण कण बारीक राहतात आणि सगळीकडे सारखे पसरतात. अमेरिकेतल्या क्रूसिबल कंपनीने २००१ मध्ये खास चाकूंसाठी काढलेलं एस-३०-व्ही हे त्यातलं गाजलेलं पोलाद. त्यात जवळपास दीड टक्का कार्बन आणि चार टक्के व्हॅनेडियम. व्हॅनेडियमचे कार्बाइड कण आपल्या कुरुंदाच्या दगडापेक्षाही कठीण असतात. म्हणून त्याची धार खूप टिकते. आणि म्हणूनच ती गेल्यावर घरच्या दगडावर परत आणणं जिकिरीचं होतं. हिऱ्याची भुकटी बसवलेली पट्टी विकत घ्यावी लागते. चाकूमागोमाग त्याचं हे खटलंही घरात येतं.

पण कापण्याचं काम पोलादाच्या नावाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, पात्याच्या जाडीवर ठरतं. कोणालाही घरी पाहता येईल असा प्रयोग सांगतो. एक जाड गाजर घ्या. दणकट दिसणाऱ्या महागड्या घडीच्या चाकूचं पातं पाठीला तीन-चार मिलिमीटर जाड असतं. ते गाजरात अर्ध्यावर गेलं की ‘कट्’ असा आवाज होतो आणि गाजर फुटतं. धार तिथवर पोचलेलीच नसते. पात्याची पाचर गाजराला फाडते. आता तोच तुकडा त्या ८ नंबरच्या फ्रेंच चाकूने कापा. त्याचं पातं पाठीलाही दोन मिलिमीटरहून पातळ, आणि धारेकडे निमुळतं होत गेलेलं. आवाज होत नाही, चकती पात्याला चिकटून खाली येते. दोन्ही चाकूंच्या किमतींत कित्येक पटींचा फरक असतो. जाड पातं दुबळं नाही. लाकूड चिरायला, पातं थोडं मुरगळावं लागेल अशा कामाला ते बरं. पण शहरात राहणाऱ्या माणसाचा चाकू दिवसाकाठी काय कापतो? फळ, सुतळी, खोक्याची चिकटपट्टी. या कामांना पातळ पातं हवं. माझ्याकडच्या एका जाड पात्याचा धारेमागचा भाग मी दगडावर तीन रविवार घासून पातळ केला. त्या चाकूवर केलेल्या सगळ्या खर्चात सर्वांत उपयोगी पडले ते हे तीन रविवार, आणि त्यांना पैसा लागला नाही.

कार्बन पोलादाच्या गंजाला या छंदातले लोक एक गमतीशीर उत्तर देतात. पातं मुद्दाम काळं करतात. युरोप-अमेरिकेत त्यासाठी व्हिनेगर किंवा मोहरीची चटणी फासतात. आपल्याकडे याची वेगळी शिकवण लागत नाही. लोखंडी विळीवर कैरी चिरली की पातं निळसर काळं पडतं, हे लोणचं घालणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आंबटातलं आम्ल लोखंडाशी संयोग पावून वर एक गडद, घट्ट थर बनवतं. लाल गंज पोलाद पोखरत जातो; हा थर मात्र पृष्ठभागाला धरून राहतो आणि लाल गंजाला आवर घालतो. मी एप्रिलमध्ये माझ्या कार्बन पोलादाच्या चाकूने दोन किलो कैरी चिरली. पहिल्या कैरीला लोखंडाचा वास आला, फोडींच्या कडा काळपटल्या. शेवटच्या कैरीपर्यंत पात्यावर ढगांसारखे राखाडी-निळे पट्टे उमटले होते. ते पातं आता पावसाळ्यातही तांबरत नाही. पुसून ठेवलं की पुरे.

मुठींचा विषय माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा. स्वित्झर्लंडमधल्या ईबाख गावी कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले, आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या अनेक पात्यांच्या चाकूची नोंदणी केली. तो लाल चाकू, व्हिक्टोरिनॉक्स, आपल्याकडेही घरोघरी माहीत आहे. त्याच्या लाल प्लास्टिकच्या दोन फळ्या आतल्या खिळ्यांच्या टोकांवर नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. पातळ पट्टी घालून त्या अलगद उचलता येतात आणि जागी लाकूड, टायटॅनियम, मायकार्टा काहीही बसवता येतं. त्यामुळे मुठी बदलणाऱ्यांचा पहिला धडा बहुधा याच चाकूवर होतो.

मायकार्टा म्हणजे कापडाचे किंवा कागदाचे थर राळेत भिजवून, दाबून केलेली फळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेच्या उपकरणांसाठी ती निघाली, कारण तिच्यातून वीज जात नाही. ओल्या हातात ती लाकडापेक्षा चांगली पकडते आणि फुगत नाही, हा आपल्या हवेत तिचा मोठा गुण. घरी करायची तर जुनी जीन्स आणि इपॉक्सी पुरतं. माझी पहिली फळी मात्र मे महिन्याच्या दुपारी वाया गेली. मी वाटीभर इपॉक्सी एकदम कालवलं. ते घट्ट होताना स्वतःच तापतं, आणि साठा मोठा असला की उष्णतेला बाहेर पडायला वाव मिळत नाही. कापडाचा चौथा थर लावत होतो तेव्हा वाटीतून धूर यायला लागला. प्लास्टिकची वाटी वाकडी झाली. तेव्हापासून मी पसरट ताटलीत, थोडं थोडं, सकाळच्या गारव्यात कालवतो. दुसरी फळी निघाली ती बाबांच्या खाकी कामाच्या शर्टाची. पंचवीस थर शिकंज्यात आवळून एक रात्र ठेवले. कानशीने गोलाई देताना थरांच्या रेघा उघड्या पडत गेल्या, जमिनीच्या नकाशावरच्या उंचीच्या रेषा दिसतात तशा. ती मूठ मी माझ्या करंगळीच्या जागी थोडी खोलगट केली, कारण माझा हात लहान आहे.

टायटॅनियमचे रंग हा आणखी एक मोह. त्या निळ्या-जांभळ्या मुठींवर रंग लावलेला नसतो. सोड्याच्या पाण्यात बुडवून वीज सोडली की धातूवर ऑक्साइडचा पारदर्शक थर चढतो. किती व्होल्ट, त्यावर थराची जाडी ठरते आणि जाडीवर दिसणारा रंग. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखंच. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की निळा येतो. पाहायला सुंदर, पण खिशातल्या किल्ल्यांनी तो वर्षभरात घासला जातो. मी एकदा केला, पुन्हा केला नाही.

अमेरिकेत या छंदाला लागूनच बंदुकांचा छंद आहे. जॉन ब्राउनिंगने आखलेलं आणि अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेलं पिस्तूल तिथे शतकभर लोक आपापल्या हातासारखं करत आले आहेत. मुठीची प्रत्येक फळी दोनच स्क्रूंवर असते, त्यामुळे सुरुवात तिथूनच. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा कडक आहे आणि २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या परवान्याच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. हे मला योग्य वाटतं. बंदूक अंगाप्रमाणे बेतण्याची खरी कला आपल्याकडे नेमबाजीच्या मैदानावर पाहायला मिळते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरावा लागतो. तीन आसनं म्हणजे मान, खांदा, कोपर यांच्या तीन वेगळ्या जागा. म्हणून गाल टेकायचा भाग आणि खांद्याला लागणारा दस्ता आसनाप्रमाणे वरखाली, पुढेमागे करता येतात. तिथला प्रत्येक बदल शरीर मागतं, सजावटीचा त्यात काही संबंध नसतो.

चाकूंच्या बाबतीतही कायदा पाहूनच खरेदी करावी. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात. घरकाम, शेती, कारखान्याची अवजारं त्यातून वगळली आहेत. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे, शस्त्रबंदीचे आदेश निघतात तेव्हा चाकू खिशात घेऊन बाहेर पडू नये. इंग्लंडमध्ये असणाऱ्या आपल्या मंडळींना वेगळा नियम आहे: कारण न सांगता जवळ बाळगायचा तर पातं मिटणारं, ३ इंचांच्या आतलं आणि न अडकणारं हवं. म्हणजे तो फिरत्या वळ्याचा फ्रेंच चाकू तिथे या सवलतीत बसत नाही, छोटा स्विस चाकू बसतो.

माझी भाची अकरावीत आहे. ट्रेकला जाते. परवा तिने चाकू मागितला, आणि पोलाद कोणतं हेही विचारलं. मी तिला तो कैरीने काळा झालेला चाकू दिला, आणि ओला दगड. पाठ दगडापासून किती उचलायची ते दाखवलं, साधारण वीस अंश. एकाच बाजूने घासत राहा म्हटलं, आणि मधूनमधून दुसऱ्या बाजूला पाठीकडून धारेकडे बोट फिरवून बघ. घासलेल्या बाजूचं पोलाद धारेवरून पलीकडे वळतं आणि तिथे बारीक कड येते. कारखान्यात तिला ‘बर’ म्हणतात. ती टोकापासून मुळापर्यंत आली म्हणजेच ती बाजू धारेपर्यंत घासली गेली. त्याआधी बाजू बदलली तर कितीही वेळ घासा, चाकू बोथटच राहतो.

दहा मिनिटं ती काही बोलली नाही. दगडावर काळं पाणी साचलं. मग बोट पात्यावर थांबलं.

‘मामा, खरखरतंय.’

‘टोकापर्यंत?’

तिने पुन्हा बोट फिरवलं. ‘टोकाला नाही अजून.’ आणि पातं त्याच बाजूने परत दगडावर ठेवलं.