पाठीचा व्यायाम आणि त्याची रीत

घरांतील एखाद्या मुलानें लोखंडी दांडी व वजनें आणून पाठीचा व्यायाम आरंभिला कीं, वडील मंडळींच्या तोंडीं एकच वाक्य येतें, "कंबर मोडून घेशील!" ही भीति अगदींच खोटी नाहीं, परंतु तिचें कारण व्यायाम नसून त्याची चुकीची रीत होय, असें आमचें मत आहे.

आपल्याकडील जोर हा ढकलण्याचा व्यायाम. त्यानें छाती, खांदे व दंडाची मागील बाजू बळकट होते. ओढण्याचें काम पूर्वीं विहिरीच्या पोहऱ्यानें आपोआप घडे. आतां पुष्कळ घरीं पाणी नळास येतें आणि तरुण मंडळी दिवसभर संगणकापुढें बसते. म्हणून पाठीला ओढण्याचा व्यायाम मुद्दाम द्यावा लागतो. 'बारबेल रो' हा त्यांतलाच. रो म्हणजे वल्हविणें.

दांडी पावलांच्या मध्यावर येईल असें उभें राहावें. गुडघे किंचित् वांकवून, कंबर गोल न करितां, जांघेच्या सांध्यांतून पुढें झुकावें. पाठ फळीसारखी सपाट व मान तिच्याच रेषेंत असावी. आरशांत पाहण्यासाठीं ती उचलूं नये. हात खांद्यांहून थोडे रुंद धरावे, श्वास घेऊन पोट आवळावें, आणि कोपरें मागें नेत दांडी बेंबीच्या वरच्या बाजूस आणावी. क्षणभर थांबून सावकाश खालीं सोडावी.

झुकलेल्या स्थितींत वजन कंबरेपासून दूर असतें, म्हणून थोडेंहि वजन तिला भारी होतें. कणा सरळ असेल तर तो भार पाठीचे स्नायू तोलतात; कणा वांकला कीं मणक्यांमधील गाद्यांवर अधिक ताण येतो. हिसका देऊन धड वर उचलणें हा नेहमींचा दोष. त्यानें वजनाचा आंकडा वाढतो, पाठीचें बळ नव्हे.

अमेरिकन शिक्षक ग्लेन पेंडले यांच्या नांवानें ओळखली जाणारी रीत यावर उपयोगी पडते : दर वेळीं दांडी जमिनीवर टेकवावी, स्थिर व्हावें, मगच पुन्हां ओढावी. स्पर्धेच्या मोठ्या चकत्यांचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो. घरच्या चकत्या लहान असल्यास दांडी फार खालीं जाते व पाठ वांकते. तेव्हां ती दोन लांकडी ठोकळ्यांवर ठेवावी.

पकड आरंभीं पालथीच असावी. १९९२ ते १९९७ अशीं सहा वर्षें मिस्टर ऑलिंपिया ठरलेले डोरियन येट्स यांच्या डाव्या दंडाचा स्नायू १९९४ सालीं उताण्या पकडीनें भारी दांडी ओढतांना फाटला होता. स्पर्धेची मोकळी दांडीच पुरुषांची २० व स्त्रियांची १५ किलो भरते. नवशिक्यास तेवढी पुष्कळ, किंबहुना त्याहून हलकीहि चालेल.

पाठीचें जुनें दुखणें असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इतरांच्या घरीं वडील मंडळींनीं मनाई करण्यापेक्षां बाजूस उभें राहून पाठीची रेषा पाहावी. ती वांकतांच "ठेव खालीं" म्हणावें, आणि मुलानें तें ऐकावें.